बीफ खिमा आणि भाज्यांचं दाट सूप: स्लो कुकर लावण्याआधीची वीस मिनिटं

अमेरिकेत थंडी पडायला लागली की ज्या मोजक्या गोष्टी घरोघरी शिजतात, त्यांत बीफचा खिमा आणि भाज्यांचं सूप हमखास असतं. कुणी त्याला हॅम्बर्गर सूप म्हणतं, कुणी व्हेजिटेबल बीफ सूप. मका आणि बीन्स जास्त पडले की तेच काउबॉय सूप होतं. जेवणाआधी भूक चाळवायला घ्यायचं हे सूप नव्हे. वाडगाभर सूप आणि पावाचा तुकडा एवढ्यात रात्रीचं जेवण होतं. बाजारात कुठेही मिळणारं सामान लागतं, खिमा मांसाच्या इतर तुकड्यांच्या मानाने स्वस्त पडतो आणि एकदा केलं की दोन दिवस पुरतं. तिकडे गेलेल्या आणि बीफ खाणाऱ्या मराठी घरांतही ते सहज रुळतं, कारण खिमा परतायचा हात आपल्याला असतोच.

पाककृती बहुतेक एका ओळीची सांगितली जाते: सगळं भांड्यात टाका, झाकण लावा, कामाला जा. तसं केलं तरी सूप होतं, पोटही भरतं. पण खिमा करडा आणि गुठळ्यांचा राहतो, वर चरबीचा तवंग येतो आणि बटाट्यापासून फरसबीपर्यंत सगळ्याची चव एकच लागते. याचा दोष स्लो कुकरला देऊन उपयोग नाही. ते यंत्र जिन्नस मऊ करतं, एकमेकांत मुरवतं, पण चव तयार करत नाही. चव तयार होते आधीच्या वीस मिनिटांत गॅसवर आणि मग शेवटच्या अर्ध्या तासात. मधले सात-आठ तास तुम्ही घरी नसलात तरी काही बिघडत नाही. म्हणून या लेखातही त्या दोन टोकांवर जास्त शब्द खर्च केले आहेत.

स्लो कुकर नेमकं काय करतो

हे उपकरण अमेरिकेतल्या अर्विंग नॅक्सन या संशोधकाचं. त्याला १९४० मध्ये पेटंट मिळालं. त्याच्या आईने लिथुआनियातल्या तिच्या बालपणीची गोष्ट सांगितली होती: शब्बाथच्या, म्हणजे ज्यू लोकांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी घरोघरची शोलेंत या रश्श्याची भांडी गावातल्या बेकरीत नेऊन ठेवायची आणि विझत आलेल्या भट्टीच्या उबेवर कडधान्य आणि मांस रात्रभर शिजायचं. नॅक्सनने तीच ऊब विजेवर आणली. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ नावाने तो कुकर बाजारात आणला. नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या वाढत होती, त्यामुळे ‘सकाळी लावा, संध्याकाळी जेवा’ हे सांगणं लगेच लागू पडलं.

आत जाड सिरॅमिकचं भांडं, त्याच्या भोवती तापणारी तार आणि वर काचेचं झाकण. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या माहितीनुसार स्लो कुकर साधारण १७० ते २८० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७७ ते १३८ अंश सेल्सियस या टप्प्यात अन्न शिजवतो. आतला रस्सा मात्र उकळबिंदूच्या वर जाऊ शकत नाही, कारण पाणी असेपर्यंत तापमान १०० अंश सेल्सियसशी अडतं. आणि मांसाला खरपूस रंग, भाजल्याचा वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे, तेही पृष्ठभाग कोरडा असताना. म्हणजे कुकरमध्ये आठ तासच काय, अठरा तास ठेवलात तरी खिमा तांबूस होणार नाही. वीस मिनिटं गॅसपाशी उभं राहायचं ते यासाठी.

दुसरी गोष्ट झाकणाची. वाफ झाकणाला लागून पुन्हा आत पडते, त्यामुळे रस्सा आटत नाही. गॅसवरच्या सुपाची कृती स्लो कुकरला वापरणार असाल, तर ब्रॉथ (मांस-हाडं उकळून केलेलं पातळ सार) एखादा कप कमीच घाला.

साहित्य

सहा क्वार्टच्या, म्हणजे सुमारे ५.७ लिटरच्या कुकरसाठी हे प्रमाण आहे. सहा ते आठ जणांना पुरतं. कप म्हणजे अमेरिकन मापाचा, २४० मिलिलिटरचा.

बीफचा खिमा दीड पाउंड (६८० ग्रॅम)
मोठा कांदा १, बारीक चिरून
लसूण ४-५ पाकळ्या, ठेचून
सेलरीचे देठ २, बारीक कापून
गाजरं ३ मध्यम
बटाटे २ मध्यम (सुमारे ३५० ग्रॅम)
टोमॅटो पेस्ट २ टेबलस्पून
टोमॅटोच्या फोडींचा मोठा डबा १ (२८ औंस, ७९४ ग्रॅम)
कमी मिठाचं बीफ ब्रॉथ ४ कप (एक खोकं)
गोठवलेली फरसबी १ कप, मक्याचे दाणे पाऊण कप, मटार पाऊण कप
वुस्टरशर सॉस १ टेबलस्पून, शेवटी घालायला आणखी थोडा
तमालपत्रं २, वाळवलेलं थाइम १ टीस्पून, ओरेगानो अर्धा टीस्पून, पाप्रिका १ टीस्पून
मीठ, ताजी भरडलेली मिरी, मूठभर पार्सली
खिमा फारच कोरडा असेल तर चमचाभर तेल

यातल्या तीन-चार गोष्टी दुकानात उभं राहून नीट बघाव्यात अशा आहेत.

पहिली, ब्रॉथ. खोक्यावर ‘लो सोडियम’ लिहिलं असेल तर अमेरिकेच्या नियमानुसार एका वाटणीत १४० मिलिग्रॅमच्या वर सोडियम नसतं. ‘रिड्यूस्ड सोडियम’ म्हणजे मात्र त्याच कंपनीच्या नेहमीच्या ब्रॉथपेक्षा निदान २५ टक्के कमी, एवढंच. मूळ ब्रॉथ जर खारट असेल तर पाऊणपट खारट ब्रॉथही खारटच. त्यात डब्यातला टोमॅटो, वुस्टरशर सॉस, सगळ्यांत मीठ असतं. आणि हा रस्सा आटत नसला तरी बटाटे-गाजरं मिठाचं पाणी शोषून घेतात, त्यामुळे सुरुवातीची चव शेवटी राहत नाही. कमी मिठाचं घ्या आणि मीठ आपल्या हाती ठेवा.

दुसरी, तमालपत्र. भारतीय दुकानातलं तीन शिरांचं तमालपत्र दालचिनीच्या जातीचं आहे आणि त्याला दालचिनी-लवंगेची छटा असते. अमेरिकन दुकानातलं ‘बे लीफ’ वेगळ्याच झाडाचं, एकच मधली शीर असलेलं, वासाला निलगिरीकडे झुकणारं. या सुपाला दुसरं हवं. घरात पहिलंच असेल तर नाही घातलं तरी चालेल.

तिसरी, वुस्टरशर सॉस. त्यात चिंच, व्हिनेगर, काकवी आणि मुरवलेले अँचोव्ही मासे असतात. आंबट, गोड आणि मांसाची चव गडद करणारं असं सगळं एका चमच्यात मिळतं. माशांची अॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र लेबल वाचावं. अँचोव्हीशिवायचेही सॉस मिळतात.

बटाटा युकॉन गोल्ड किंवा लाल सालीचा घ्या, तो आठ तासांनंतरही फोडीच्या आकारात राहतो. रसेट बटाटा पिठूळ असतो, तो विरघळून सूप दाट करतो. दोन्हींतला एकेक घेणं हा माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग. एकाने दाटपणा येतो, दुसरा दाताखाली येतो.

खिमा कोणता घ्यावा

पाकिटावर ८०/२०, ८५/१५, ९०/१०, ९३/७ असे आकडे असतात. पहिला आकडा चरबीविरहित मांसाचा, दुसरा चरबीचा, दोन्ही वजनाच्या टक्क्यांत. अमेरिकेत ‘ग्राउंड बीफ’ आणि ‘हॅम्बर्गर’ या दोन्हींत ३० टक्क्यांहून जास्त चरबी चालत नाही. फरक एवढाच की ‘हॅम्बर्गर’मध्ये वरून बीफची चरबी मिसळता येते, ‘ग्राउंड बीफ’मध्ये नाही.

बर्गरला ८०/२० उत्तम. सुपाला ती चरबी जड होते, पॅनमधून काढून टाकली तरी थोडी खिम्याबरोबर जातेच. ९३/७ परतताना खिमा कोरडा, रेताड होतो. ८५/१५ घ्या. ८०/२० स्वस्त मिळत असेल तर तेच घ्या आणि चरबी नीट निथळा, काही अडत नाही. खिमा धुऊ नका. आपल्याकडे मटण धुण्याची सवय असते, पण खिमा धुतल्याने तो स्वच्छ होत नाही. जीवाणू सिंकभर उडतात आणि खिमा पाणी धरून बसतो. तो नीट शिजवणं हीच त्याची स्वच्छता.

खिमा गोठलेला असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटा होऊ द्या. गोठलेलं मांस थेट स्लो कुकरमध्ये टाकायचं नाही. कुकर सावकाश तापतो, त्यामुळे ४० ते १४० अंश फॅरनहाइट (४ ते ६० अंश सेल्सियस) या धोक्याच्या टप्प्यात मांस तासन्‌तास राहतं आणि जीवाणूंना वाढायला तेवढा वेळ पुरतो.

गॅसवरची वीस मिनिटं

रुंद आणि जड भांडं घ्या. बिडाची कढई असेल तर तीच. नॉनस्टिक भांड्यात खिमा शिजतो, पण तळाला खरपूस थर धरत नाही, आणि आपल्याला तोच हवा आहे. भांडं मध्यम-मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं चांगलं तापू द्या. खिमा फ्रीजमधून वीसेक मिनिटं आधी काढून कागदी रुमालाने वरचं पाणी टिपून घ्या.

आता निम्मा खिमा घाला. सगळा एकदम नाही. दीड पाउंड खिमा एकाच वेळी घातला की भांडं थंड पडतं, खिम्याला पाणी सुटतं आणि तो त्याच पाण्यात उकडला जातो. उलथन्याने दाबून पसरवा, एखाद्या जाड थालीपिठासारखा, आणि मग हात आवरा. तीन-चार मिनिटं अजिबात ढवळायचं नाही. सतत परतत राहणं ही आपल्या हाताची सवय, ती इथे मोडावी लागते. आवाजाकडे लक्ष द्या: आधी पाण्याचा फसफस आवाज येतो, मग तो बदलून तेलात तळल्यासारखा चरचर येऊ लागतो. खालची बाजू गडद तपकिरी झाली की मोठे तुकडे उलटवा, दोन मिनिटं थांबा आणि मग उलथन्याने फोडा. अगदी भुगा करू नका. मटाराएवढे तुकडे राहिले तर सुपात ते जाणवतात. फार बारीक केलेला खिमा आठ तासांनंतर तळाला गाळासारखा बसतो. पहिला भाग झाऱ्याने काढून ठेवा आणि दुसऱ्याचंही तसंच करा. दुसऱ्या भागावर अर्धा टीस्पून मीठ आणि मिरी घाला.

खिम्यात गुलाबी भाग कुठेही राहता कामा नये. अखंड मांसाच्या तुकड्यावर जीवाणू असले तर ते बाहेरच्या बाजूला असतात, पण मांस दळताना ते आतपर्यंत मिसळतात. त्यामुळे स्टेक आतून लाल चालतो, खिमा चालत नाही. बीफच्या खिम्यासाठी सांगितलेलं सुरक्षित तापमान १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सियस. रंगावर पूर्ण विसंबू नये असंही तिथलं कृषी खातं बजावतं, कारण काही वेळा खिमा त्याआधीच तपकिरी दिसतो. बारीक तुकडे इतका वेळ परतल्यावर शंका उरत नाही, पण स्वयंपाकघरात थर्मामीटर असेल तर वापरा.

सगळा खिमा झाऱ्याने काढून घेतला की भांडं तिरकं करून चरबी एका रिकाम्या टिनच्या डब्यात ओता. सिंकमध्ये नाही. ती नळीत जाऊन गोठते आणि मग प्लंबरला बोलवावं लागतं. भांड्यात टेबलस्पूनभर चरबी राहू द्या.

त्याच चरबीत कांदा आणि सेलरी, चिमूटभर मीठ घालून मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं परता. कांदा पारदर्शक होऊन कडा सोनेरी झाल्या की पुरे. लसूण आणि पाप्रिका घालून अर्धा मिनिट. मग टोमॅटो पेस्ट. ही पायरी बरेचजण गाळतात आणि पेस्ट थेट कुकरमध्ये ढकलतात, तेव्हा तिचा कच्चट, डब्याचा वास सुपात शेवटपर्यंत राहतो. दोन मिनिटं परतल्यावर ती लालभडक रंगावरून विटकरी रंगावर येते. आपण मसाला तेल सुटेपर्यंत परततो, तेच हे काम.

आता एक कप ब्रॉथ ओता आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडा. भांड्याला चिकटलेला तो तपकिरी थर म्हणजे खिमा परतून मिळवलेली कमाई. ती सिंकमध्ये घासून टाकायची नाही. मिनिटभरात तळ साफ होतो आणि ब्रॉथचा रंग गडद होतो. हे सगळं स्लो कुकरमध्ये जाणार.

कुकर भरताना

स्लो कुकरमध्ये मांसापेक्षा कंदभाज्या शिजायला जास्त वेळ लागतो. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. उष्णता तळाकडून आणि कडांकडून येते, म्हणून बटाटा आणि गाजर सर्वांत खाली. फोडी दीड सेंटिमीटरच्या आसपास, आणि सगळ्या सारख्या. एक कारण आणखी आहे: टोमॅटोच्या आंबटपणात बटाटा-गाजर लवकर मऊ होत नाहीत. डाळ शिजण्याआधी चिंच घातली की ती बोटचेपी होत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. फोडी मोठ्या ठेवल्या तर आठ तासांनंतरही एखादं गाजर कटकट वाजतं.

त्यावर खिमा, मग कांद्याचं मिश्रण, टोमॅटोचा डबा रसासकट, उरलेलं ब्रॉथ, वुस्टरशर सॉस, थाइम, ओरेगानो, तमालपत्रं. एकदा हलकेच ढवळा, पण बटाटे वर आणू नका. भांडं निम्मं ते दोन तृतीयांश भरलेलं असावं. या प्रमाणात ते बरोबर तेवढं भरतं. काठोकाठ भरलं तर शिजायला उशीर होतो, आणि निम्म्याहून कमी असेल तर कडेला करपतं. तुमचा कुकर चार क्वार्टचा असेल तर सगळं साहित्य दोन तृतीयांश करा.

फरसबी, मका, मटार आत्ता घालायचे नाहीत.

सकाळची घाई असते म्हणून पुष्कळजण रात्रीच तयारी करतात. ते जमतं, पण नीट. भाज्या चिरून एका डब्यात, खिमा आणि कांद्याचं मिश्रण *पूर्ण शिजवून* दुसऱ्या डब्यात, दोन्ही फ्रीजमध्ये. खिमा अर्धवट परतून ठेवणं धोक्याचं. सगळं सिरॅमिकच्या भांड्यात भरून ते भांडंच फ्रीजमध्ये ठेवण्याचा मोहही टाळा. थंडगार भांडं तापायला खूप वेळ घेतं आणि एकदम तापवल्याने तडकूही शकतं. बटाटे चिरून ठेवायचे तर पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे काळे पडत नाहीत.

मधले तास

‘लो’वर सात ते आठ तास, किंवा ‘हाय’वर चार तास. शक्य असेल तर पहिला तास ‘हाय’वर ठेवून मग ‘लो’वर आणा, म्हणजे धोक्याचा तापमानाचा टप्पा लवकर ओलांडला जातो. सकाळी निघायची घाई असेल तर ब्रॉथ गरम करून ओतलं तरी तेच साधतं.

झाकण उघडून बघू नका. प्रत्येक वेळी साठलेली उष्णता निसटते आणि वेळ पंधरा ते तीस मिनिटांनी वाढतो. काचेचं झाकण त्यासाठीच असतं.

तुम्ही बाहेर असताना वीज गेली आणि किती वेळ गेली ते कळलं नाही, तर सूप टाकून द्यावं लागतं, ते शिजलेलं दिसत असलं तरी. जीवावर येतं, पण दुसरा इलाज नाही. स्टोव्हवरचं घड्याळ लुकलुकत असेल तर वीज गेली होती हे समजा. घरी असताना वीज गेली तर लगेच गॅसवर मोठ्या पातेल्यात काढून शिजवून घ्या.

शेवटचा अर्धा तास

बटाट्याची आणि गाजराची एकेक फोड चमच्याने दाबून बघा. सहज तुटली की पुढे जायचं. तमालपत्रं काढा. गोठवलेली फरसबी आधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करून घाला, कुकर ‘हाय’वर करा. फरसबीला अर्धा तास, मक्याला आणि मटाराला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. हे मटार सकाळीच घातले असते तर संध्याकाळपर्यंत शेवाळी रंगाचे आणि सालं सुटलेले झाले असते. आता हिरवेगार राहतात, आणि दिवसभर मुरलेल्या रश्श्यात काहीतरी ताजं लागतं.

वर चरबीचा तवंग असेल तर पळीने कडेकडेने काढा. मग चव बघा, आणि एकदम सगळं न घालता एकेक करून. आधी मीठ, बहुतेक वेळा पाव ते अर्धा टीस्पून लागतं. मग वुस्टरशर सॉसचा एक टीस्पून. तरीही चव सपाट वाटली तर कमतरता मिठाची नसते, आंबटपणाची असते: टीस्पूनभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून ढवळा आणि पुन्हा चाखा. आठ तास शिजलेल्या पदार्थाची धार बोथट होते, ती या थेंबभर आंबटाने परत येते. उलट टोमॅटोच जास्त आंबट निघाला असेल तर चिमूटभर साखर. शेवटी भरपूर मिरी आणि चिरलेली पार्सली. पार्सलीच्या जागी कोथिंबीर घातली तर वाईट लागत नाही, पण सूप मेक्सिकोच्या दिशेला सरकतं.

गरम मसाला किंवा कांदा-लसूण मसाला घालावा का, हा प्रश्न आपल्याकडे कुणीतरी विचारतंच. घालावा की, पण मग तो खिम्याचा रस्सा होतो, छान होतो, आणि त्याला भाकरी लागते. या सुपाची गोडी गाजर, मका आणि टोमॅटोची आहे, ती मसाल्याखाली दबते. तिखटाशिवाय घास उतरत नसेल तर पाप्रिकाबरोबर पाव टीस्पून लाल तिखट घाला, त्याने घोटाळा होत नाही.

रस्सा पातळ वाटला तर बटाट्याच्या चार-सहा फोडी कुकरच्या कडेला दाबून ठेचा आणि ढवळा. तेवढ्याने भागलं नाही तर टेबलस्पूनभर कॉर्नस्टार्च दोन टेबलस्पून गार पाण्यात कालवून घाला आणि ‘हाय’वर वीस मिनिटं ठेवा. जास्तच दाट झालं तर गरम ब्रॉथ, गार पाणी नको.

जेवणाऱ्यांच्या वेळा वेगवेगळ्या असतील तर ‘वॉर्म’वर दोनेक तास राहू द्या. त्याहून जास्त ठेवलं तर बटाटे फुटायला लागतात. सोबत अमेरिकेत क्रॅकर चुरून घालतात, किंवा कॉर्नब्रेड, किंवा ग्रिल्ड चीज सँडविच. कडक सालीचा, आतून मऊ पाव मला या सगळ्यांहून जास्त आवडतो.

बीन्स, बार्ली, पास्ता

ज्या यंत्राचं पहिलं नाव ‘नॅक्सन बीनरी’ होतं, त्यातच कच्चा राजमा थेट शिजवू नये, ही जरा गंमतच. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते खळखळत्या उकळीनेच नष्ट होतं, आणि स्लो कुकरच्या मंद आचेवर राजमा मऊ झाला तरी ते शिल्लक राहू शकतं. थोड्याशा दाण्यांनीही काही तासांत जोराच्या उलट्या होतात. सुका राजमा घालायचाच असेल तर निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळून उकळा आणि मगच कुकरमध्ये घाला. आपल्या प्रेशर कुकरमध्ये पूर्ण शिजवून घेतला तर प्रश्नच मिटतो. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो. तो धुऊन शेवटच्या तासात घाला.

पर्ल बार्ली घालायची तर अर्धा कप, सुरुवातीलाच, आणि बटाटा निम्मा करा. ती रस्सा पिते, त्यामुळे शेवटी कपभर गरम ब्रॉथ हाताशी ठेवा. पास्ता मात्र कुकरमध्ये शिजवूच नये. वेगळा उकडून वाडग्यात घालायचा आणि वर सूप ओतायचं. कोबी बारीक चिरून शेवटच्या दीड तासात घातला तर गोडसर होतो.

बीफ नको असेल, किंवा स्लो कुकर नसेल

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून ती वळू आणि बैल यांनाही लागू आहे. म्हशीवर्गाला ती बंदी लागू नाही, त्यामुळे तिथे जे मिळतं ते म्हशी-रेड्याचं. त्यात चरबी कमी आणि धागा जाड, म्हणून परतताना टेबलस्पूनभर तेल घाला आणि ‘लो’वर तासभर जास्त द्या. मटणाचा खिमाही याच पद्धतीने होतो. त्यात थाइमऐवजी थोडा पुदिना शेवटी घातला तर जास्त शोभतो. टर्कीचा किंवा चिकनचा खिमा घेतलात तर तो १६५ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ७४ अंश सेल्सियसपर्यंत शिजायला हवा. तो फिका लागतो, तेव्हा टोमॅटो पेस्ट आणि वुस्टरशर सॉस दोन्ही थोडे वाढवा.

अमेरिकेतून परतताना तिथला स्लो कुकर सामानात कोंबून आणणारे लोक असतात. तो १२० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडे २३० व्होल्ट. साध्या प्लगच्या अडॅप्टरने व्होल्टेज बदलत नाही, कुकर जळतो. जाड बुडाचं पातेलं आणि घट्ट झाकण घ्या, गॅस मंद करा, दर पंधरा मिनिटांनी ढवळा. तासा-सव्वातासात हेच सूप तयार होतं. वाफ थोडी निसटते, म्हणून ब्रॉथ कपभर जास्त.

उरलेलं सूप

खरं तर दुसऱ्या दिवशी हे जास्त चांगलं लागतं. पण ते गरम भांडं तसंच फ्रीजमध्ये सारायचं नाही, आणि रात्रभर ओट्यावरही ठेवायचं नाही. कुकर बंद केल्यापासून दोन तासांच्या आत उथळ डब्यांत वाटून फ्रीजमध्ये ठेवा. खोल पातेल्यात मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो. वर गोठलेली चरबी दुसऱ्या दिवशी चमच्याने सहज निघते, ८०/२० वापरलं असेल तर हा फायदा घ्याच. फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस.

फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चव टिकते. बटाटा मात्र गोठून वितळला की रवाळ, पाणचट होतो. मुद्दाम गोठवण्यासाठीच करत असाल तर बटाटा गाळून बार्ली घाला. डब्यात वर बोटभर जागा सोडा, सूप गोठताना फुगतं. पिशव्यांत भरून आडव्या गोठवल्या तर जागा कमी लागते आणि वितळतातही लवकर. पिशवीवर तारीख आणि नाव लिहा, कारण गोठलेलं सूप, गोठलेली आमटी आणि गोठलेली पावभाजी महिन्याभराने हुबेहूब सारखी दिसतात.

पुन्हा गरम करायचं ते गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये, १६५ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे चांगल्या वाफा येऊन मधोमध बुडबुडे फुटेपर्यंत. स्लो कुकरमध्ये गार सूप गरम करत ठेवू नका, त्याला तेवढी घाई जमत नाही. गॅसवर गरम करून मग कुकरमध्ये ओतून ‘वॉर्म’वर ठेवलं तर चालतं. गरम करताना अर्धा कप ब्रॉथ किंवा पाणी घालावं लागतं, आणि मीठ त्यानंतरच बघायचं.